तीस तासांची सेवा

"चौगुले, सगळ्या वर्गानं फॉर्म दिले. तुला काय मुहूर्त काढून द्यायचाय?"

मगदूम सरांनी पट्टी टेबलावर आपटली. मी उभी राहिले.

"सर, छंदात खो-खो लिहिलंय. सेवेत काय लिहू ते कळेना. तिथंही खो-खोच लिहिलं तर?"

"पळून पळून कुणाची सेवा करणार गं तू?"

वर्ग खदाखदा हसला. मी तोंड पाडून खाली बसले.

ही सगळी भानगड आमच्या नव्या मुख्याध्यापिकाबाईंची. कुठल्याशा शिबिराला गेल्या आणि येताना 'एक छंद, एक सेवा' अशी योजना घेऊन आल्या. नववीच्या प्रत्येकानं एक छंद निवडायचा आणि वर्ष संपायच्या आत तीस तास समाजसेवा करायची. त्यासाठी एक पिवळं कार्ड. प्रत्येक तासाची त्यावर सही. कार्ड भरलं नाही तर कार्यानुभवाची श्रेणी नाही, आणि श्रेणी नाही तर दहावीत घेणार नाही. सेवा म्हणायचं आणि वर दम द्यायचा, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आज चाळिशी ओलांडली तरी पटत नाही. योजना बाईंची, पण राबवायची मगदूम सरांनी, कारण ते पीटीचे शिक्षक, आणि पीटीच्या शिक्षकाला काही काम नसतं अशी सगळ्या शाळांची ठाम समजूत असते. त्यामुळं सर आधीच पेटलेले.

मिरजेतली गोष्ट, अठ्ठ्याण्णव सालची. माझं नाव विनया. आईवडिलांनी मोठ्या आशेनं ठेवलं होतं. विनयाशी माझा संबंध तेवढाच.

घरी आईला विचारलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "छंदात चित्रकला लिही. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिलीस तर पुढं उपयोगी पडतं. त्या खो-खोनं काय मिळतं? गुडघे फुटतात."

"आई, मी चांगली खेळते. सर या वर्षी जिल्ह्याच्या सामन्यांना नेणार आहेत मला."

"चांगली खेळतेस तर खेळ की. नको कोण म्हणतंय? फॉर्मवर कशाला लिहायला पाहिजे?"

आता यावर माणसानं काय बोलावं! मी विषय बदलला. "बरं, सेवेत काय लिहू?"

"बसून करायचं काहीतरी लिही. झाडाबिडांना पाणी घालत उन्हात हिंडू नकोस."

आईचं आयुष्यभराचं तत्त्वज्ञान हेच. काम असावं, पण बसून.

दुसऱ्या दिवशी फळ्यावरची यादी पुन्हा नीट वाचली. रोपांना पाणी, वाचनालयातली पुस्तकं लावणे, चौकात रहदारी सांभाळणे, आणि सगळ्यात शेवटी, 'दहावीच्या अंध विद्यार्थिनीसाठी लेखनिक'. म्हणजे बोर्डाच्या परीक्षेत तिनं सांगायचं आणि आपण लिहायचं. लेखनिक खालच्या वर्गातलाच लागतो, म्हणून नववीला विचारत होते. मी मनातल्या मनात हिशेब केला. नऊ पेपर. अंध मुलांना अर्धा तास जास्त मिळतो, म्हणजे साडेतीन तासांचा एक. नऊ गुणिले साडेतीन, साडेएकतीस. बसून! पंख्याखाली! बाकीच्या पोरी तीन महिने बादल्या वाहणार, आणि मी मार्चमध्ये एका झटक्यात कार्ड भरून मोकळी. संध्याकाळ सगळी खो-खोला. आपल्या हुशारीवर मी इतकी खूश झाले, की त्या दिवशी घरी जाताना उगाचच पळत गेले.

सरांनी फॉर्म वाचून माझ्याकडं बघितलं. "विचार करून लिहिलंस ना? बोर्डाकडं तुझा फोटो लावून अर्ज जातो. एकदा गेला की लेखनिक बदलता येत नाही."

"हो सर."

"अक्षर चांगलं आहे तुझं. डोकं तेवढं थंड ठेवावं लागेल."

"ठेवते की!" मी खेकसले.

अर्ज गेला. आणि तिसऱ्या दिवशी सरांनी मला मैदानावरच गाठलं. "चौगुले, आजपासून रोज पाच ते सात अंध मुलींच्या वसतिगृहात जायचं. हेमलता बिरनाळे म्हणून मुलगी आहे. सराव."

"सराव? परीक्षा मार्चमध्ये आहे ना सर?"

"मग? मॅच खेळायच्या आधी सराव करतेस की नाही?"

"पण पाचला आपला खो-खो असतो!"

"ते फॉर्म भरताना बघायचं."

"बरं, मग सरावाचे तास कार्डावर लिहून मिळतील ना?"

"नाही. कार्डावर फक्त परीक्षेचे. बाईंनी तसंच ठरवलंय."

रोज दोन तास, तीन महिने, आणि कार्डावर शून्य.

वसतिगृहाच्या व्हरांड्यात एका बाकावर ती बसली होती. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, उंच, दोन घट्ट वेण्या, ताठ मान. मी पायऱ्या चढतेय तोवर तिनं मनगटावरच्या घड्याळाचं झाकण उघडून काटे चाचपले.

"लेखनिक का? पाच वाजून दहा मिनिटं झाली."

"सायकलची चेन पडली होती."

"रोज पडणार आहे?"

तिला ताई म्हणायचं असं मी येताना ठरवलं होतं. तो विचार तिथल्या तिथं सोडून दिला.

"बस," ती म्हणाली. "वही काढ. मी सांगते तसं लिही. सांगते तेवढंच लिही. एक उत्तर झालं की वाचून दाखव."

तिनं एक उत्तर सांगितलं. मी लिहिलं.

"वाच."

वाचलं.

"दुसऱ्या वाक्यात 'म्हणून' मी म्हटलं नव्हतं."

"अगं, पण 'म्हणून' घातल्यावर वाक्य चांगलं वाटतं."

"खोड."

खोडलं. पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. पुढचं उत्तर. वाच. असा दोन तास छळ. शेवटी मी भडकले. "प्रत्येक ओळ वाचून काय दाखवायची? मी काय पहिलीतली आहे?"

"पहिलीतली असतीस तर बरं झालं असतं. सांगितलेलं तेवढंच लिहिलं असतंस."

आणि हे सगळं माझ्या पिशवीतलं भडंग खात खात! भूक लागते म्हणून आई पुडी द्यायची. हेमलताला पहिल्याच दिवशी वास आला, तिनं हात पुढं केला आणि म्हणाली, "इकडं दे." त्यानंतर रोजचा अर्धा वाटा तिचा. वर पुन्हा, "आज शेंगदाणे कमी घातलेत तुझ्या आईनं."

आठवड्यानं मी वैतागून विचारलं, "एवढी घाई कसली आहे तुला? परीक्षेला अजून अडीच महिने आहेत."

तिनं बोटांना लागलेलं तेल ओढणीला पुसलं आणि बाजारभाव सांगावा तसं सांगून टाकलं. "हे बघ. गेल्या वर्षी मी दहावीला तीन विषयांत गेले. यंदा सगळे विषय परत घेतलेत. यंदाही गेले तर इथनं नाव काढतात, दोनच खेपा ठेवून घेतात. मग गावाकडं जायचं आणि दादाची पोरं सांभाळत बसायचं. पास झाले तर पुण्याला टेलिफोन ऑपरेटरचा कोर्स आहे, तिथं पाठवणार. दहावी पास पाहिजे, बास. एवढंच आहे सगळं. म्हणून पाच म्हंजे पाच."

"तीन विषयांत? अभ्यास केला नव्हतास का?"

"केला होता," ती म्हणाली. "लिही. प्रश्न तिसरा."

जानेवारी असाच गेला. तिच्याकडं ब्रेलमधली पुस्तकं निम्म्याच विषयांची होती, बाकीची मी वाचून दाखवायची. वाचून वाचून दहावीचं विज्ञान आणि इतिहास मला तिच्या आधी पाठ झाला. आणि मैदानावर मी फक्त रविवारी.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात जिल्ह्याच्या सामन्यांची यादी लागली. बारा नावं. मी खालून वर वाचली, वरून खाली वाचली. माझं नाव नव्हतं. माझ्या जागी उज्ज्वला थोरात. हिला समोरचा गडी पळून गेल्यावर खो द्यायचं सुचायचं!

मी थेट सरांकडं गेले. "सर, माझं नाव?"

"सरावाला किती वेळा आलीस?"

"तुम्हीच तर मला तिकडं पाठवलंत!"

"मी पाठवलं? फॉर्म कुणी भरला?"

घरी आई म्हणाली, "बरं झालं. गुडघे तरी वाचले."

त्या संध्याकाळी सायकल पायऱ्यांवर आदळूनच मी वसतिगृहात शिरले. "तुझ्यामुळं माझी टीम गेली! कळलं? तीन वर्षं खेळतेय मी. तीन वर्षं! आणि तुझ्या त्या 'वाच, खोड, वाच, खोड'पायी माझं नाव कापलं."

"माझ्यामुळं? फॉर्म मी भरला?"

सगळ्या जगानं एकच वाक्य पाठ केलं होतं. मला रडूच कोसळलं. ती म्हणाली, "सोडायचं तर सोड. मी सांगेन सरांना."

"सोडता येत नाही! फोटो गेलाय माझा!"

"मग रडून घे जरा. झालं की सांग. भूगोल राहिलाय."

अशा पोरीला काय म्हणायचं? डोळे पुसले आणि भूगोल लिहिला. पण त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी एक पक्कं ठरवलं. खो-खो गेला तो गेला. आता ही बया पास झालीच पाहिजे. ती नापास झाली, तर माझं तेलही गेलं आणि तूपही गेलं. मी एवढं सोसायचं आणि तिनं पुन्हा तीन विषयांत दांडी गुल करून घ्यायची, हे मी होऊच देणार नव्हते.

परीक्षा सुरू झाली. आम्हाला वेगळी खोली होती, बाकीच्या मुलांना आमच्या बोलण्याचा त्रास नको म्हणून. एक लांब टेबल, आम्ही दोघी, आणि दारापाशी खुर्चीत एक म्हातारे पर्यवेक्षक. ते रोज सुरुवातीला तेच सांगायचे. "ती सांगेल तेवढंच लिहायचं. स्वतःचं एक अक्षर घातलंस, तर दोघींवर केस होईल." मग चष्मा पुसायचे आणि घटकाभरात डुलायला लागायचे.

भाषांचे पेपर बरे गेले. गणित कसंबसं. मग आला विज्ञानाचा पहिला पेपर.

प्रश्न होता, शास्त्रीय कारणे द्या. आंबट पदार्थ तांब्यापितळेच्या भांड्यात ठेवत नाहीत. हा मी तिला चार वेळा वाचून दाखवला होता. हेमलतानं सांगितलं, "आंबट पदार्थात आम्ल असतं. तांब्यापितळेच्या भांड्यात ठेवलं की ते कळकतं. कळकलेलं खाल्लं की माणूस आजारी पडतो." आणि थांबली.

मी वाट बघत राहिले. अगं, पुढं बोल की! आम्लाची धातूशी रासायनिक क्रिया होते, विषारी क्षार तयार होतात, म्हणून कल्हई लावतात. मुद्दा तोच होता! चारातले तीन गुण तिथंच होते, आणि ही म्हणतेय माणूस आजारी पडतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पर्यवेक्षकांची मान छातीवर टेकली होती. मी लिहून टाकलं. दोन ओळी. सुबक, बरोबर, पुस्तकातल्यासारख्या.

खरं सांगायचं तर ते तिसऱ्यांदा होतं. त्याच पेपरात आधी दोन ठिकाणी मी अशीच थोडी भर घातली होती. 'वाच' म्हटल्यावर भर घातलेला भाग गाळून वाचलं होतं. मला त्याचं काही वाटलं नव्हतं. उलट मनात म्हणत होते, बघ बाई, तुला कळतही नाहीये आणि कुणीतरी तुझं भलं करतंय.

"वाच," हेमलता म्हणाली.

मी तिच्या तीन वाक्यांवर थांबले.

"पुढचं वाच."

"एवढंच आहे."

"मी बोलायची थांबले तरी तुझं पेन चालू होतं," ती माझ्याकडं वाकून हळू आवाजात म्हणाली. "दोन ओळी चाललं. वाच."

मी वाचलं.

"खोड."

"अगं, बरोबर आहे ते! पुस्तकातलं आहे!" मी कुजबुजले. "तुला माहीत आहे की ते, तू विसरलीस फक्त."

"खोड म्हणते ना."

"कशाला वेडेपणा करतेस? तीन गुण आहेत!"

आमच्या कुजबुजीनं पर्यवेक्षक जागे झाले. "काय चाललंय गं?"

आता ही सांगणार, आणि दोघींवर केस. हेमलतानं मान त्यांच्या दिशेला वळवली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "काही नाही सर. मला उत्तर बदलायचंय."

"बदल, बदल. वेळ बघ तेवढी."

मी खोडलं. तिनं कान देऊन ऐकलं, दोन्ही ओळींवर रेघ पूर्ण जाईपर्यंत. मग विचारलं, "अजून कुठं?"

"कुठंच नाही."

"विनया." तोवर तिनं मला एकदाही नावानं हाक मारली नव्हती. "अजून कुठं?"

"पहिल्यात. आणि दुसऱ्या प्रश्नात शेवटी."

ती दोन्ही उत्तरं तिनं अख्खी वाचून घेतली. काय काय माझं होतं ते विचारून घेतलं. ते सगळं खोडायला लावलं, आणि त्याजागी आपल्या मनानं, आठवेल तसं, अडखळत सांगितलं. त्यात वीस मिनिटं गेली. शेवटचा प्रश्न पाच गुणांचा होता. तो तिला येत होता. सुरुवात केली, एक वाक्य झालं आणि घंटा वाजली.

बाहेर आल्यावर मी पटांगण ओलांडेपर्यंत कशीबशी थांबले. फाटकापाशी मात्र माझा बांध फुटला.

"तुला अक्कल आहे का गं? पाच गुणांचा प्रश्न सोडलास! वर माझं बरोबर लिहिलेलं खोडलंस! विज्ञानात गेलीस तर? कशासाठी मरमर केली मी तीन महिने? कशासाठी माझा खो-खो घालवला? तू पास व्हावीस म्हणूनच ना?"

"माझ्यासाठी केलंस?"

"मग कुणासाठी? शेजारणीसाठी?"

तिनं हात पुढं करून फाटकाचा गज शोधला आणि त्याला टेकली. "बस जरा," म्हणाली. बसायला तिथं काही नव्हतं. मी तशीच उभी राहिले.

"गेल्या वर्षी माझी लेखनिक होती, ती लई गुणी पोरगी होती," हेमलता म्हणाली. "तुझ्यासारखी नव्हती. ताई, ताई करायची. कधी आवाज चढवायची नाही. परीक्षेत मी थांबले तरी तिचं पेन चालायचं. मला ऐकू यायचं. मी म्हटलं, असेल, चांगलं लिहीत असेल, माझ्यापेक्षा हुशार आहे. मी कधी वाच म्हटलं नाही. बरं वाटायचं गं ऐकायला. पेन चालतंय म्हंजे आपलं उत्तर मोठं होतंय."

"मग?"

"मग तीन विषयांत गेले. दादा म्हणाला, तुला काय येत नाही. वसतिगृहाच्या बाई म्हणाल्या, अभ्यास कमी पडला. असेल. पण मला अजून ठाऊक नाही विनया, त्यात काय माझं होतं आणि काय तिचं होतं. मी नापास झाले का ती झाली, तेच ठाऊक नाही. वर्षभर रोज तेच येतं डोक्यात."

लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला. तिचा का माझा, ते काही कळेना.

"आता बोर्डाला कळवणार तू?" शेवटी मी विचारलं.

"कळवून काय? दोघी घरी बसू. खोडलं की सगळं. उद्या साडेदहाला ये." आणि गज सोडून माझ्या खांद्यावर हात ठेवत म्हणाली, "भडंग संपलं का सगळं?"

निकालाचं आत्ताच सांगून टाकते, उगाच ताटकळत ठेवत नाही. ती पास झाली. विज्ञानात अगदी काठावर. एकूण एक्कावन्न टक्के. जुलैत पुण्याला गेली, कोर्स केला, आणि पुढं एका बँकेत टेलिफोनवर लागली. बोलताना आवाज असा कडक, की समोरचा माणूस दोन मिनिटांत मुद्द्यावर यायचा. माझं पिवळं कार्डही भरलं. मुख्याध्यापिकाबाईंनी त्याच एप्रिलमध्ये बदली करून घेतली आणि योजना त्यांच्याबरोबर गेली. तेव्हा ते कार्ड कुणी बघितलंसुद्धा नाही.

पण हे सगळं नंतरचं. मला आठवतो तो इतिहासाचा पेपर.

विज्ञानाचा दुसरा पेपर झाला, तेव्हा मी पेनाच्या टोकाकडं सोडून कुठं बघितलं नव्हतं. तिनं तोंड मिटलं की मी पेन टेबलावर ठेवत होते, तिला ऐकू जाईल इतकं जोरात. इतिहासालाही तसंच चाललं होतं. सगळं नीट. मग टीप आली, संयुक्त राष्ट्रे. चार गुण.

हेमलतानं घसा साफ केला आणि खणखणीत सांगायला सुरुवात केली. "पहिलं महायुद्ध संपल्यावर जगात शांतता राहावी म्हणून ही संघटना स्थापन झाली. तिचं मुख्यालय जिनिव्हाला होतं."

माझं पेन थांबलं.

अगं बये! तो राष्ट्रसंघ! तो वेगळा, हे वेगळं! आपण दोन्हीचा तक्ता करून घोकला होता. हे दुसऱ्या महायुद्धानंतरचं, न्यूयॉर्कचं. ओठापर्यंत आलं होतं. नुसतं खाकरले असते तरी पुरलं असतं. पर्यवेक्षक डुलत होते. दादाची पोरं, गावचं घर, पुण्याचा कोर्स, माझी तीन महिन्यांची फरफट, सगळं त्या एका शब्दावर येऊन बसल्यासारखं मला वाटलं.

मी लिहिलं. जिनिव्हा.

ती सांगत गेली. राष्ट्रसंघाची सगळी टीप, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही मुद्दा न सोडता. मी जन्मात इतकं चुकीचं काही इतक्या सुंदर अक्षरात लिहिलेलं नाही.

"वाच."

मी वाचलं. प्रत्येक शब्द. आवाजात काही येऊ दिलं नाही.

"ठीक आहे. पुढचा प्रश्न."

पेपर वेळेआधी दहा मिनिटं संपला. तिनं आणखी दोन उत्तरं वाचून घेतली, एका ठिकाणी सन बदलायला लावला. टिपेचं नाव काढलं नाही. मग घंटा झाली आणि आम्ही बाहेर आलो. माझ्या खांद्यावर हात ठेवून ती चालत होती. फाटकाच्या बाहेर पडल्यावर म्हणाली, "टिपेत माझं चुकलं ना?"

मी चालत राहिले.

"बोल की. पेपर झालाय आता."

"चुकलं," मी म्हणाले. "तुला कसं कळलं?"

"तू थांबलीस. जिनिव्हा म्हटल्यावर."

"मी काहीच बोलले नाही हं!"

"बोलली नाहीस. थांबलीस. आणि थांबलीस तसं मला लगेच आठवलं. न्यूयॉर्क. पंचेचाळीस साल."

मी जागच्या जागी उभी राहिले. "आठवलं? मग खोडायचं की! दहा मिनिटं शिल्लक होती! मी लिहिलं असतं भराभर!"

"तू थांबली नसतीस तर मला आठवलं असतं का?"

"ते कुणाला माहीत! कशाला पाहिजे ते! अगं, चार गुण होते, चार! विज्ञान असं लटकलंय, आणि तू..." भर रस्त्यात मी कपाळावर हात मारून घेतला. शेजारून जाणारा एक सायकलवाला वळून बघायला लागला. "तुझ्यापुढं ना, खरंच, हात टेकले बाई मी!"

हेमलता हसली. त्या तीन महिन्यांत मी तिला हसताना बघितलं नव्हतं. मान ताठ, दोन वेण्या पुढं घेतलेल्या, आणि सगळं तोंडभर हसू.

"गेले तर जाऊ देत की चार," ती म्हणाली. "यंदा कुणाचे गेले, ते तरी मला ठाऊक आहे."